एक टोचते, एक देते

"माझ्या सख्ख्या बहिणीला माझ्या लेकराचा जीव घ्यायचाय," असं म्हणून ती बाई खुर्चीत बसली आणि तिने पर्समधून एक फोटो काढून टेबलावर आपटला.

सुगावाबाईंनी फोटो बघितला. पैलवानाने मान लांब करून बघितला. लेकराचे कान हनुवटीच्याही खाली लोंबत होते, नाक ओलं होतं आणि जीभ कॅमेऱ्याकडे बघून हसत होती.

"हा तर कुत्रा आहे," पैलवान म्हणाला.

"हा भुंगा आहे," बाईने त्याला तिथेच दुरुस्त केलं.

सुगावाबाईंचं खरं नाव त्यांच्या दारावरच्या पाटीलासुद्धा माहीत नव्हतं. पाटीवर फक्त 'खासगी तपास' एवढंच लिहिलेलं. हरवलेलं, लपवलेलं, चोरलेलं, काहीही असो, त्यांना सुगावा लागायचाच, म्हणून त्या सुगावाबाई. पैलवान त्यांचा जोडीदार. पूर्वी तो लोकांचं सामान हलवायचा. अख्खं कपाट एकटा तीन मजले चढवेल, पण विचार मात्र त्याच्या डोक्यात दर पायरीवर दम खात खात चढायचा.

बाई फुलवाली होती. तिच्या केसांत, पदरात, बोटांत फुलांचा इतका वास होता की पैलवानाला दोनदा शिंक आली. घरात ती थोरली. वरच्या खोलीत तिची बहीण राहायची, ती धाकटी. आणि थोरलीचा नवरा, ज्याला धाकटी दाजी म्हणायची.

"भुंग्याला मधुमेह आहे," थोरली म्हणाली. "हसू नका."

"कुत्र्याला?" पैलवान म्हणाला. "तो काय चहा पितो?"

"पैलवान, गप्प," सुगावाबाई म्हणाल्या. "सांगा तुम्ही."

"त्याच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही. मग ते आपण बाहेरून द्यायचं. दोन वेळा खाऊ घालायचं आणि खाऊन झालं की इन्सुलिन. सकाळ-संध्याकाळ, जन्मभर. मला पहाटेच फुलांच्या बाजारात जावं लागतं, त्यामुळे सकाळी ती टोचते. संध्याकाळी मी देते."

"मग बिघडलं कुठे?"

थोरलीचे डोळे भरले. "दोनदा तो भर दुपारी कोसळला. पाय लटपटायला लागले, भिंतीवर जाऊन आदळला, मग आडवा पडून थरथरायला लागला. इन्सुलिन जास्त झालं की रक्तातली साखर पार तळाला जाते. डॉक्टरांनी दोन्ही वेळा वाचवला. पण म्हणाले, पुन्हा पडला तर उठेलच असं नाही."

"आणि तुम्हाला वाटतं, बहीण..."

"वाटत नाही, माहीत आहे. एकदा टोचायचं ते ती दोनदा टोचते. जळते माझ्यावर! भुंग्याला तिनेच आणलं होतं, बुटांच्या खोक्यात घालून. पण तो झाला माझा. तिच्या हातात सुई दिसली की पलंगाखाली धूम ठोकतो. आणि माझ्याकडे? मी फ्रिज उघडला की शेपूट हलवत येतो, मांडीवर डोकं ठेवतो. सगळं होईपर्यंत साधं कुंई नाही. मुक्या जिवाला बरोबर कळतं हो, कुणाचा हात कसा आहे ते!"

"कळतं खरं," सुगावाबाई हळूच म्हणाल्या. "फार बरोबर कळतं."

"मी तिला सांगून टाकलंय, सामान बांध. आज संध्याकाळी मला पुरावा हवा. तिच्या तोंडावर फेकते आणि दार दाखवते."

ती गेली. जिन्यावर फुलांचा वास तेवढा उरला.

"बाई, केस सुटली," पैलवान म्हणाला. "बहीणच."

"सुटली? अरे, आपण अजून जिनासुद्धा उतरलो नाही."

---

घराच्या पुढच्या खोलीत दाजी घड्याळं दुरुस्त करत बसले होते. भिंतीवरच्या प्रत्येक घड्याळाचं स्वतःचं वेगळं मत होतं. एका डोळ्याला भिंग लावून दाजींनी दोघांकडे बघितलं, त्यामुळे पैलवान त्यांना आणखीच मोठा दिसला असणार.

"विचारा," दाजी म्हणाले. "घरात माझं मत विचारणारं कुणीतरी आलं, बरं वाटलं."

"भुंग्याबद्दल तुमचं मत काय?"

"तो सुखी आहे, मी नवरा आहे!" दाजींनी चिमटा खाली ठेवला. "त्याला मऊ पांघरुणं तीन, मला एक. ते पण कडेने उसवलेलं. त्याला 'माझ्या सोन्या, माझ्या राजा'. मला 'अहो, ते दूध उतू चाललंय'. हा सोफा बघा. मी घेतला. मी! त्यावर संध्याकाळी ती आणि तो बसतात, मी स्टुलावर."

पैलवानाने सुगावाबाईंना कोपराने ढोसलं. हेतू सापडल्यावर तो नेहमी कोपर वापरायचा.

"बसायला मिळालं तरी मजा नाही म्हणा," दाजी पुढे म्हणाले. "सगळ्या सोफ्याला दवाखान्याचा वास. बायको फुलं विकते आणि घराला वास मात्र मलमपट्टीचा! तिला म्हटलं, तर म्हणे तुमच्या घड्याळाच्या तेलाचा असेल."

सुगावाबाई सरळ वाकल्या आणि सोफ्याला नाक लावलं. पैलवानाला लाज वाटून तो घड्याळं मोजू लागला.

"रात्री कसा असतो तो?"

"रात्री?" दाजी उसासले. "रात्रभर लपलप, लपलप. पातेलं भरून ठेवतो, सकाळी कोरडं ठणठणीत. आणि एवढं प्यायल्यावर बाहेर न्यायला कोण? मी. ती झोपलेली असते ना, तिला कसं उठवायचं!"

"दिवसासुद्धा इतकं पाणी पितो?"

"छे. दिवसा पातेल्यात माशी पोहते."

"त्याला इन्सुलिन तुम्ही कधी दिलंत?"

"मी? मला तो कान खाजवू देत नाही, सुई लावू देईल?" दाजींनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. "मी फक्त घड्याळांना तेल देतो. ती माझ्यावर प्रेम करत नाहीत, पण चावतही नाहीत."

जिना चढताना पैलवान कुजबुजला, "बाई, हाच. कुत्र्यावर जळतोय. इतका, की धूर निघतोय!"

"जळतोय खरा," सुगावाबाई म्हणाल्या. "पण रात्री उठून त्याला बाहेर कोण नेतं?"

पैलवानाचा विचार मधल्या पायरीवर दम खायला बसला.

---

वरच्या खोलीत शिवणयंत्र होतं, अर्धवट शिवलेले झगे होते आणि दाराजवळ बांधलेली बॅग होती. यंत्राखाली, कापडाच्या चिंध्यांवर भुंगा पसरला होता. फोटोपेक्षा वाळलेला. पैलवानाला बघून त्याने शेपटीने जमिनीवर दोन टाळ्या वाजवल्या.

"पुरावा शोधायला आलात ना?" धाकटी वर न बघताच म्हणाली. "सुया त्या डबीत. कात्री इथे. दोरा हवा तो घ्या."

"शिवायच्या सुईचं काम नाही," सुगावाबाई तिच्यासमोर फरशीवरच बसल्या. "दुसरी सुई कशी टोचता ते दाखवाल?"

धाकटीने त्यांच्याकडे नीट बघितलं. मग उठून तिने कपाटातली नवी कोरी सिरिंज काढली. रिकामीच. पण प्लॅस्टिक फाटल्याचा आवाज झाला मात्र, भुंगा चिंध्यांसकट पलंगाखाली! आणि पैलवान भिंतीकडे तोंड करून रंगाचा दर्जा तपासू लागला.

"यांना काय झालं?"

"सुईला घाबरतो. कपाटं उचलतो, पण सुई नाही. तुम्ही सांगा."

"आधी खाऊ घालायचं. खाल्लं की बाटलीतून औषध भरायचं, हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. मग कातडी चिमटीत उचलायची, असा तंबू होतो. तंबूच्या दारातून सुई आत." तिने ते आपल्याच झग्याच्या कापडावर इतक्या सफाईने दाखवलं की बघत राहावं. "डॉक्टरांनी त्याच्या कुशीवरचे थोडे केस कापून दिलेत, कातडी दिसावी म्हणून. ताईला ते मुळीच आवडलं नाही. 'माझ्या लेकराला भादरलं,' म्हणाली. ती मानेवरच्या दाट केसांतच देते."

"टोचल्यावर ओरडतो का?"

"कुंई करतो. मग दुपारपर्यंत माझ्याकडे बघत नाही." धाकटीचा आवाज चिरकला. "ताईने तुम्हाला सांगितलं असेल, मी जळते म्हणून. जळते! लिहून घ्या. तेच औषध, तीच सुई, तोच कुत्रा. माझा हात कडू आणि तिचा गोड? मी त्याला खोक्यातून आणलं तेव्हा तो माझ्या चपलेएवढा होता. एकदा मी म्हटलंसुद्धा, ताई, पाळ्या बदलू या. तू सुट्टीच्या दिवशी सकाळी टोच, संध्याकाळी मी टोचते. तर असं बघितलं माझ्याकडे, जणू मी तिची साडी मागितली!"

"तो पडला तेव्हा?"

"मीच होते घरात. दोन्ही वेळा. हिरड्यांना मध चोळला आणि दवाखान्यात पळाले, तशीच अनवाणी." तिने सिरिंज टोपण लावून ठेवून दिली. "बाई, मी त्याला एकदाच टोचते. तुम्ही विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू. मला घर सोडायचं नाही असं नाही. पण मी गेल्यावर ती पुन्हा कधी बोलणार नाही माझ्याशी. आणि आई गेल्यापासून मला ताई म्हणायला तेवढीच आहे."

सुगावाबाईंनी पलंगाखाली हात घातला. बऱ्याच लाडीगोडीने भुंगा बाहेर आला. त्यांनी त्याची मान खाजवली, खाजवता खाजवता थांबल्या. मानेवरचे केस दोन-तीन ठिकाणी एकमेकांना चिकटून कडक झाले होते, खळ वाळल्यासारखे. त्यांनी बोटं नाकाशी नेली.

"आंघोळ घालत नाहीत वाटतं," पैलवान भिंतीकडे बघतच म्हणाला.

"पैलवान, आज तू फार कामाचं बोलतोयस," सुगावाबाई म्हणाल्या. तो फुलून गेला. कामाचं काय बोललो ते मात्र त्याला दिवसभर कळलं नाही.

---

दवाखान्यात डॉक्टर एका मांजरीचं बोलणं ऐकून घेत होते. ती गेल्यावर त्यांनी हात धुतले आणि कपाळाला लावले.

"भुंग्यापुढे मी हात टेकलेत. त्याची ताई सुट्टीच्या दिवशी त्याला सकाळीच घेऊन येते, सकाळचं इन्सुलिन देण्याआधी. साखर बघावी तर आभाळात! म्हणून मी डोस वाढवत नेला. आणि काही दिवसांनी दुपारी धाकटी त्याला हातांवर घेऊन धावत येते. साखर बघावी तर पाताळात!"

"मग डोस कमी केला नाहीत?"

"केला ना! पहिल्यांदा पडला तेव्हा लगेच कमी केला. लगेच सकाळची साखर आणखी वर. ताई रडायला लागली, 'माझं लेकरू वाळत चाललंय, वाढवा हो.' वाढवला, तर पुन्हा पडला. आता मी डोस अगदी खाली आणून ठेवलाय. पण हे असं किती दिवस चालणार?"

"धाकटी सकाळी दोनदा टोचत असेल?"

"मलाही तीच शंका आली. म्हणून मी बाटली मागवून बघितली. औषध जेवढं संपायला हवं तेवढंच संपलंय. थेंब जास्त नाही, थेंब कमी नाही."

"बाटलीत कुणी पाणी मिसळलं असेल!" पैलवान ओरडला. "दाजींनी!"

"मग औषध दोन्ही वेळा फिकं पडलं असतं," सुगावाबाई म्हणाल्या. "फिक्या औषधाने दुपारी कोण पडेल?"

"हं," पैलवान म्हणाला.

"एक दिवस-रात्र त्याला इथे ठेवून दर थोड्या वेळाने साखर बघायची, एवढाच उपाय आहे," डॉक्टर म्हणाले. "पण ताई ऐकत नाही. म्हणते, माझ्याशिवाय त्याला झोप लागत नाही, आणि संध्याकाळचं औषध माझ्याच हातचं हवं त्याला."

सुगावाबाई हसल्या. त्यांचं हे हसू पैलवानाला अजिबात आवडायचं नाही, कारण त्याचा अर्थ एकच असायचा: बाईंना कळलंय आणि मला नाही.

"डॉक्टर, इन्सुलिनला वास असतो ना?"

"असतो की. त्यात औषध टिकावं म्हणून जे घालतात त्याचा. मलमपट्टीसारखा. पण बाटलीत नाक घातलं तरच येतो."

"संध्याकाळी आमच्याबरोबर चला. येताना एक सिरिंज साध्या सलाइनने भरून आणा. मिठाचं पाणी. कुत्र्याला त्याने काही होत नाही ना?"

"काहीच नाही."

"आणि इन्सुलिन द्यायला वेगळी सिरिंज. खरं काम नंतर आहे."

वाटेत पैलवानाने शेवटचा प्रयत्न केला. "बाई, डॉक्टरच नसतील ना? कुत्रा जेवढा पडेल तेवढी यांची..."

"पैलवान."

"बरं."

---

संध्याकाळी सगळे पुढच्या खोलीत जमले. थोरली सोफ्यावर, दाजी स्टुलावर, धाकटी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, बॅग पायाशी. डॉक्टर उभे. पैलवान दाराशी, सुई दिसू नये अशा कोनात.

भुंगा खाऊन मिशा चाटत होता.

"पुरावा मिळाला?" थोरलीने विचारलं.

"मिळतोय," सुगावाबाई म्हणाल्या. "आधी त्याचं औषध होऊन जाऊ दे. रोज देता तसंच द्या. डॉक्टरांनी भरून आणलंय."

थोरलीने सिरिंज घेतली. बहिणीकडे एक नजर टाकली, बघून घे म्हणून. "ये रे माझ्या राजा."

आणि खरंच, भुंगा शेपूट हलवत आला! सोफ्यावर चढला, मांडीवर डोकं टेकलं. थोरलीने मानेवरच्या दाट केसांत हात घातला, सिरिंज आत गेली, अंगठा दाबला गेला. भुंग्याने जांभई दिली.

"बघितलंत?" थोरलीचा चेहरा उजळला होता. "कुंई नाही की हुं नाही."

धाकटीने मान फिरवली. दाजींनी स्टुलावर उसासा टाकला.

सुगावाबाईंनी पर्समधून पांढरा रुमाल काढला, भुंग्याच्या मानेवर ठेवला आणि हलकेच दाबला. मग तो उलटा करून सगळ्यांसमोर धरला.

रुमालावर ओला डाग होता.

थोरलीने भुंग्याच्या मानेवरचे केस हाताने झाकले.

"घाबरू नका, ते मिठाचं पाणी होतं," सुगावाबाई म्हणाल्या. "पण ते कुत्र्याच्या आत जायला हवं होतं. ते सगळं केसांत आहे. रोज संध्याकाळी इन्सुलिनही तिथेच जातं. बाई, तुम्ही त्याला टोचतच नाही."

"काय वाट्टेल ते!" थोरली म्हणाली. पण हळू म्हणाली.

"तुम्हीच सांगितलंत मला. अगदी पहिल्या दमात. 'सकाळी ती टोचते, संध्याकाळी मी देते.' बहिणीबद्दल बोलताना प्रत्येक वेळी टोचते, दोनदा टोचते. स्वतःबद्दल एकदाही नाही. घरात सगळे तुमच्याबद्दल तसंच बोलतात. ताई मानेवर देते. तुमच्याच हातचं औषध. खोटं बोलायचं नसलं की माणूस शब्द बदलतो. दिलं तर तुम्ही होतंच, बाई. फक्त केसांना दिलं."

"पण एका शब्दावरून..." दाजी म्हणाले.

"एका शब्दावरून शंका आली. मग तुमचा सोफा हुंगला. इन्सुलिनचा वास बाटलीत नाक घातल्याशिवाय येत नाही म्हणतात डॉक्टर. तुमच्या सोफ्याला तो येतो, कारण रोज ओल्या मानेचा कुत्रा त्यावर लोळतो. त्याच्या मानेचे केस त्यानेच कडक झालेत. पैलवान म्हणाला ना, आंघोळ घालत नाहीत वाटतं. आंघोळ रोज होते, पण औषधाची."

पैलवानाने आजूबाजूला बघितलं, कुणी ऐकलं का म्हणून.

"आता पाणी. रात्रभर पातेलं रिकामं आणि दिवसा त्यात माशी पोहते. साखर चढली की तहान लागते. म्हणजे त्याची साखर रात्री चढते आणि दिवसा उतरते. सकाळचं औषध लागू पडतंय, संध्याकाळचं पडत नाहीये. औषध एकाच बाटलीतलं, मग फरक कुठला? हातांचा."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "आणि मी साखर बघायचो सकाळी! आदल्या संध्याकाळचं इन्सुलिन लागलेलंच नसायचं. ती आभाळात असणारच. मी समजायचो डोस कमी पडतोय, आणि वाढवायचो."

"आणि वाढवलेला डोस अख्खाच्या अख्खा कोण टोचायचं?" सुगावाबाई जिन्याकडे वळल्या. "जी नीट टोचते ती. दुपारी तो पडायचा, आणि घरात असायची तीच. म्हणून बाटलीत थेंब जास्त नाही, थेंब कमी नाही. या घरात कुणीच जास्त औषध दिलं नाही. एकीने दिलंच नाही, म्हणून दुसरीचं जास्त झालं."

धाकटी उभी राहिली होती. "ताई?"

थोरली भुंग्याचा कान कुरवाळत होती, पुन्हा पुन्हा, तोच कान.

"पहिले काही दिवस मी टोचलं," ती शेवटी म्हणाली. आणि तो शब्द तिच्या तोंडून आला तेव्हा तिचं तिलाच दचकायला झालं. "खरंच टोचलं. तो इतका ओरडला! माझ्या हातातून सुटला आणि वर पळाला. तुझ्याकडे. रात्रभर तुझ्या दाराशी झोपला. मी खालून हाका मारतेय, आणि तो वर. मग एके दिवशी माझी सुई चुकून केसांतच गेली. तो पळाला नाही. मांडीवर झोपला. मला वाटलं, सकाळचं तर लागतंय ना. आणि डॉक्टरांनी डोस वाढवल्यावर वाटलं, चला, आता सकाळचं एकच पुरेल."

"आणि तो पडला तेव्हा?" धाकटीने विचारलं.

"तेव्हा मला खरंच वाटलं तू करतेयस. शप्पथ. मला वाटायचं, माझ्याकडे येतो म्हणून तू..."

"मी रोज वाईट झाले," धाकटी म्हणाली. तिचा आवाज चढत चालला होता. "रोज सकाळी! तो पलंगाखाली गेला की मी पालथी पडून त्याची माफी मागायचे. मला वाटायचं माझ्या हातातच काहीतरी खोट आहे. आणि तू नुसती केस भिजवून गोड होत होतीस? ताई, तो मेला असता गं!"

थोरलीने दोन्ही हातांत तोंड लपवलं. दाजी स्टुलावरून उठले, पुढे आले, काय करावं ते न कळून त्यांनी बायकोच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथे राहू दिला.

डॉक्टरांनी घसा साफ केला. "आपण उद्यापासून डोस पुन्हा मुळापासून ठरवू. भुंगा इथून थेट माझ्याकडे राहायला येईल, एक दिवस-रात्र. पण आजचं इन्सुलिन राहिलंय. अगदी कमी भरलंय." त्यांनी दुसरी सिरिंज पुढे केली. "मी टोचू?"

धाकटीने हात पुढे केला.

"नको," थोरली म्हणाली. "माझी पाळी आहे."

तिने सिरिंज घेतली, भुंग्याच्या मानेपाशी नेली आणि परत मागे घेतली. धाकटी बॅग ओलांडून आली आणि सोफ्याच्या कडेशी गुडघे टेकून बसली.

"मानेवर नको. इथे, कापलेल्या केसांवर. चिमटीत धर. अजून. तंबू कर, ताई. हं. आता थांबू नकोस, हळू केलं की जास्त दुखतं."

थोरलीने टोचलं.

"कुंई!" भुंगा म्हणाला. त्याने थोरलीकडे असं बघितलं, जणू आकाश कोसळलं आणि तेही हिच्याच हातून. मग सोफ्यावरून उडी टाकून तो टेबलाखाली गेला, अगदी कोपऱ्यात, तोंड भिंतीकडे.

दाराशी धप्प झालं. पैलवानाचा कोन चुकला होता.

"राहू दे त्याला, येईल शुद्धीवर," सुगावाबाई म्हणाल्या.

थोरली टेबलाखाली बघत होती. "आता तो माझ्याकडे कधीच येणार नाही."

"येतो," धाकटी म्हणाली. "माझ्याकडे येतो की रोज दुपारी. मी तुला कधी सांगितलं नाही."

"रोज?"

"रोज. यंत्राखाली झोपतो, माझ्या पायावर."

थोरलीचे डोळे पुसता पुसता बारीक झाले. "पायावर? माझ्या पायावर तर तो कधी झोपला नाही."

"झालं सुरू," दाजी म्हणाले.

पण दोघी टेबलासमोर पालथ्या पडल्याही होत्या, शेजारी शेजारी, कोपराला कोपर लागून. "भुंग्या, ये माझ्याकडे." "नाही, माझ्याकडे ये रे, हिने टोचलंय तुला." "हिने तर रोज टोचलंय! इकडे ये, सोन्या." "ढकलू नकोस गं." "तूच सरक की!"

भुंग्याने ते सगळं ऐकून घेतलं. मग तो सावकाश बाहेर आला. थोरलीचा हात हुंगला, धाकटीचा हुंगला, आणि दोन्ही हातांना एकच वास येतोय याची खात्री पटल्यावर दोघींच्या मधून निघून गेला. स्टुलापाशी जाऊन एक गिरकी घेतली आणि दाजींच्या पावलावर हनुवटी टेकवून डोळे मिटले.

"अरे, अरे," दाजी म्हणाले. "माझ्याकडे काय?"

दोन बहिणींनी जमिनीवरून एकाच वेळी त्यांच्याकडे असं बघितलं, की डॉक्टरांनी आपली बॅग उचलली आणि सुगावाबाईंनी आपला पैलवान.

दाजींच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. तरी त्यांनी पाऊल तसूभरही हलवलं नाही.